जव्हारमध्ये राहून चित्रकथाकार होताना

जव्हार-मोखाड्यात चित्र काढणाऱ्यांची वाण नाही. लग्नघरात गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिला जातो, बोहाड्यासाठी मुखवटे रंगतात, शाळांच्या भिंतींवर तारपा नाचतो. प्रश्न असतो तो पुढचा. या हातांनी कॉमिक्सचं पुस्तक केलं, तर ते छापायचं कुठे, विकायचं कसं आणि त्यावर घर चालेल का? आपण स्वतः चित्र काढत असाल किंवा आपल्या घरातलं कुणी काढत असेल, तर हा सगळा रस्ता एकदा पायरीपायरीने पाहून घेऊ.

कॉमिक्स म्हणजे चित्रकथा. एकापुढे एक चित्रं आणि त्यांतच बोलणं. स्वतंत्र चित्रकथाकार कोणत्याही प्रकाशनाच्या पगारावर नसतो. गोष्ट, चित्रं, छपाई, विक्री हे सगळं त्याच्या अंगावर येतं, पण त्या बदल्यात पात्रं आणि पुस्तक त्याच्या मालकीचं राहतं.

हा फरक मोठा आहे. राम वाईरकरांनी अमर चित्र कथेचा ‘कृष्ण’ रंगवला, ‘टिंकल’मधल्या सुपंडीला चेहरा दिला. पुण्याच्या प्रताप मुळीकांनी अमर चित्र कथेचे कितीतरी अंक केले आणि ‘नागराज’चे बरेच अंकही त्यांच्याच हातचे. थोर कामं, पण ती प्रकाशनांची पात्रं. उलट चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ पाहा. 1991 साली ‘सकाळ’मध्ये आला, पुढे ‘लोकसत्ते’त गेला, त्याची पुस्तकं झाली, 2012 मध्ये चित्रपट आला. वर्तमानपत्र बदललं तरी चिंटू चिंटूच राहिला. स्वतंत्र कलाकाराची खरी मिळकत ही अशी असते, आणि ती बहुतेकांच्या हातून निसटते ती चित्र चुकल्यामुळे नव्हे, कागदावर न वाचता सही केल्यामुळे. त्याकडे पुढे येऊच.

सुरुवात पुस्तकाने करू नका. दोनशे पानांची महागाथा मनात घेऊन बसलेले बहुतेक जण अकराव्या पानावर थांबतात. त्याऐवजी भित्तिचित्रकथा करा. शरद शर्मा यांच्या ‘वर्ल्ड कॉमिक्स इंडिया’ने ही पद्धत देशभर गावोगाव शिकवली आहे. ए-फोर आकाराचे दोन कागद जोडायचे, त्यांवर चार चौकटी आखायच्या, काळ्या शाईने गोष्ट काढायची आणि झेरॉक्स काढून एसटी स्टँड, ग्रामपंचायत, शाळा, दवाखाना अशा ठिकाणी परवानगीने लावायची.

चार चौकटींचा हिशेब सोपा आहे. पहिलीत कोण आणि कुठे, दुसरीत अडचण, तिसरीत ती वाढते, चौथीत निकाल. लावल्यावर थोडं बाजूला उभं राहून लोक कसे वाचतात ते पाहा. कुणी दुसऱ्या चौकटीवरून मागे पहिलीकडे जात असेल, तर आपली मांडणी चुकली. इतका स्पष्ट सल्ला कोणताही कलाशिक्षक देऊ शकणार नाही.

अशा चार-सहा गोष्टी पूर्ण झाल्या की पुस्तकाला हात घाला. पहिलं पुस्तक चोवीस पानांचं पुरे.

विषय जवळचा घ्यावा, पण जवळचा म्हणजे आयता नव्हे. जव्हार म्हटलं की मुकणे राजांचा इतिहास, शिरपामाळ, जयविलास राजवाडा, दाभोसा धबधबा हे लगेच सुचतं. ते पर्यटनाच्या पत्रकात आधीच आहे. पावसाळ्यानंतर सबंध पाडा कामासाठी वसई-भिवंडीकडे निघतो, तेव्हा मागे राहिलेल्या आजीची एक रात्र, ही गोष्ट मात्र आपल्याइतकी कुणाला सांगता येणार नाही.

देवादिकांच्या आणि लग्नविधीच्या गोष्टींबाबत एक पथ्य पाळा. चौकातली पालघट देवी, धवलेरीची गाणी, बोहाड्यातली सोंगं ही कुणा एकाची निर्मिती नसली, तरी त्यांना जपणारी माणसं आहेत. ज्यांच्याकडून गोष्ट ऐकली त्यांना विचारा, पुस्तकात त्यांचं नाव त्यांच्या संमतीने द्या, पैसे आले तर वाटा ठरवा. वारली चित्रकलेला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. म्हणजे ही कला अमुक भागातल्या अमुक लोकांची, अशी सरकारदरबारी नोंद आहे. आपण वारली समाजातले नसाल, तर आपल्या पुस्तकावर ‘अस्सल वारली’ असं छापण्याआधी दहादा विचार करा.

पात्रं घडवताना बोहाड्याकडे पुन्हा पाहावं, या वेळी चित्रकाराच्या नजरेने. पलित्यांच्या उजेडात सोंग अजून लांब असतं, मुखवट्याचा रंगही नीट दिसत नाही, तरी चालीवरून आणि अंगाच्या आकारावरून लोक ओळखतात की हे कोण आलं. चित्रकथेतलं पात्र असंच ओळखू आलं पाहिजे. त्याची नुसती काळी आकृती भरून पाहा. दोन पात्रांच्या आकृती सारख्याच दिसत असतील, तर वाचक तिसऱ्या पानावर गोंधळणार.

आता पान. आधी कच्चा आराखडा करायचा. आगपेटीएवढ्या चौकोनांत सगळी चोवीस पानं भराभर काढायची, माणसं काड्यांची चालतील. इथे खोडणं फुकट असतं. रंगवलेलं पान खोडायला जीव होत नाही आणि मग चुकलेलं पानच पुस्तकात जातं.

आराखड्यातच पान उलटण्याचा विचार करा. पुस्तक उघडल्यावर उजवीकडे विषम क्रमांकाचं पान येतं. उत्कंठा त्याच्या शेवटच्या चौकटीत ठेवा आणि उलगडा पान उलटल्यावर दिसणाऱ्या सम क्रमांकाच्या पानावर. उलट केलं, तर वाचकाला दोन्ही गोष्टी एकाच वेळी समोर दिसतात आणि मजा जाते.

वारली शैलीत काम करणाऱ्यांना चौकटीची एक खास अडचण येते. वारली चित्रात पेरणी, लग्न, शिकार, नाच सगळं एकाच पटावर चालू असतं आणि नजर कुठूनही फिरू शकते. चित्रकथेला मात्र आधी काय, नंतर काय, हा क्रम लागतो. म्हणून काही जण सुंदर पट काढतात आणि त्यावर पट्टीने रेघा मारून चौकटी पाडतात. त्यात पटही मरतो आणि गोष्टही.

यावर एक उत्तर आपल्या शेजारच्याच राज्यातल्या दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलाकारांनी शोधलं. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनावरचं ‘भीमायन’ हे चित्रकथेचं पुस्तक ‘नवायन’ने 2011 मध्ये काढलं. व्याम पतिपत्नींनी खोकेवजा चौकटी नाकारल्या आणि घराच्या भिंतींवरच्या डिगना नक्षीच्या वळणदार पट्ट्यांनी पान विभागलं. बोलण्याच्या फुग्यांचंही तसंच. सोसणाऱ्यांच्या शब्दांना पक्ष्याचा आकार, तर विखारी बोलणाऱ्यांच्या फुग्याला विंचवाची नांगी. आपल्याकडे चौकाची किनार आहे, तारपा नाचाचं वेटोळं आहे, डोंगराची ओळ आहे, पायवाट आहे. त्यांनी पान विभागून पाहा. व्यामांची नांगी मात्र उचलू नका, ती त्यांची आहे.

फुगा आधी, चित्र नंतर. सर्वांत जास्त चुकतं ते इथेच. चित्र पूर्ण करून मग मोकळ्या जागेत शब्द कोंबले जातात आणि फुगा कुणाच्या तरी डोक्यावर चढतो. कच्च्या आराखड्यातच संवाद लिहून जागा राखा. जो आधी बोलतो तो डावीकडे, नाहीतर निदान त्याचा फुगा वर.

देवनागरीला जागा अधिक लागते, हे इंग्रजी कॉमिक्स पाहून शिकणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. इंग्रजी कॉमिक्समध्ये बहुधा मोठ्या लिपीतली सरळसोट अक्षरं असतात. आपल्याकडे शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार. ओळी जवळ घेतल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. दोन ओळींत अंतर सैल ठेवा आणि एका फुग्यात पंधरा-वीस शब्दांपलीकडे जाऊ नका.

आपलं हस्ताक्षर सुवाच्य असेल तर हाताने लिहिण्यासारखं दुसरं काही नाही. संगणकावर करायचं तर युनिकोड अक्षरसंच घ्या, म्हणजे कोणत्याही यंत्रावर तसाच उघडणारा. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेला ‘बालू’ फुग्यांना छान शोभतो आणि व्यावसायिक कामालाही मोफत वापरता येतो. इंटरनेटवरून उचललेला प्रत्येक अक्षरसंच असा मोफत नसतो, परवाना वाचून घ्या. आणि जोडाक्षरं तपासा. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ती फुटतात आणि ‘शक्ती’ची ‘शक्‌ती’ होते.

पात्रं वारली, कोकणा किंवा कातकरी बोलीत बोलणार असतील तर बोलू द्या, निवेदन प्रमाण मराठीत ठेवलं तरी चालतं. मात्र ती बोली घरात बोलणाऱ्या माणसाला सगळे संवाद मोठ्याने वाचायला लावा. कानाला खोटं वाटलेलं वाक्य लगेच पकडलं जातं.

मूळ चित्र छपाईच्या आकारापेक्षा दीडपट मोठं काढा, लहान होताना हाताची थरथर झाकली जाते. मग स्कॅन करा. रंगीत चित्राला 300 डीपीआय म्हणजे इंचामागे 300 ठिपके, नुसत्या काळ्या रेघेला 600. मोबाइलने फोटो काढून छपाईला देऊ नका. एका बाजूला सावली येते, कडा वाकतात, आणि पडद्यावर न दिसलेलं कागदावर दिसतं. पानाच्या चारही बाजूंना कापण्यासाठी तीन मिलिमीटर जादा चित्र सोडायचं असतं, छापखान्यात त्याला ब्लीड म्हणतात. कडेला फुगा किंवा चेहरा आणू नका, कटिंगमध्ये जातो.

आता गेरू आणि पांढऱ्या रंगाचा खरा पेच. नेहमीच्या छपाईत पांढरी शाई नसते. पांढरं दिसतं तो कोरा कागद असतो. म्हणजे आपण तपकिरीवर पांढरी रेघ काढता, तेव्हा छापखाना रेघेच्या आजूबाजूचं सगळं तपकिरी छापतो आणि रेघ तेवढी कोरी सोडतो. ओली शाई थोडी पसरते आणि बारीक रेघ बुजते. छापील आकारात पांढरी रेघ निदान अर्धा मिलिमीटर जाड राहील असं पाहा.

चाररंगी छपाईत तोच तपकिरी निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा या चार शायांतून तयार होतो. त्यांतली एक जरी केसभर सरकली, तर प्रत्येक पांढऱ्या रेघेला रंगीत किनार दिसते. बहुतेकांना हे छापून आल्यावरच कळतं. उपाय स्वस्त आहे आणि छापखानावाला तो आपणहून सांगेलच असं नाही. गेरूच्या छटेची एकच खास शाई लावून एकरंगी छपाई मागा. रेघ स्वच्छ येते आणि खर्च चाररंगीपेक्षा कमी पडतो. फक्त एवढी भरगच्च शाई वाळायला वेळ लागतो, पावसाळी हवेत तर फारच. बांधणीची घाई केली तर समोरच्या पानावर डाग उमटतात.

पिन मारून बांधायच्या पुस्तकाची पानं चारच्या पटीत हवीत. छापखाना फर्म्याच्या भाषेत बोलतो. सोळा पानांचा एक फर्मा, म्हणजे आपली चोवीस पानं दीड फर्मा, मुखपृष्ठ वेगळं. शंभरेक प्रती हव्या असतील तर डिजिटल छपाई परवडते, पाचशेपासून पुढे ऑफसेटकडे वळा. जव्हारहून नाशिक सोयीचं, मोखाडा-त्र्यंबकवरून एसटी जाते. कमीत कमी दोन छापखान्यांचे दर लेखी घ्या आणि छापण्याआधी त्याच कागदावरचं एक प्रूफ हातात घेऊन पाहा. पडद्यावर पाहून ‘चालेल’ म्हणू नका.

आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा तेरा अंकी ओळख क्रमांक. तो राजा राममोहन रॉय संस्थेकडून ऑनलाइन अर्ज करून मोफत मिळतो. कुणी त्याचे पैसे मागितले तर तो मधला माणूस आहे. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे. आणखी एक कायदा फार थोडे पाळतात. 1954 च्या कायद्यानुसार प्रकाशकाने तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवायची असते. आपणच प्रकाशक, तेव्हा आपणच पाठवायच्या.

किमतीचा हिशेब कागदावर करा. समजा पाचशे प्रतींना प्रत्येकी 45 रुपये खर्च आला. किंमत 80 ठेवली आणि दुकानदाराने 40 टक्के सूट घेतली, तर आपल्याला 48 मिळतात, म्हणजे हाती उरले तीन रुपये. किंमत 120 ठेवली, तर दुकानातून 27 सुटतात आणि आपण हाताने विकल्यास 75. निम्मी दुकानात, निम्मी हाताने अशी सगळी पुस्तकं संपली तर साडेपंचवीस हजार. एका पानाला दोन दिवस धरले, तर चोवीस पानांचे अठ्ठेचाळीस दिवस. दिवसाला साधारण 530 रुपये पडले, तेही सगळी आवृत्ती खपली तर, आणि गोष्ट लिहिण्याचे, विकायला फिरण्याचे दिवस न धरता.

म्हणून पहिल्या पुस्तकावर घर चालत नाही, ते दाखवून बाहेरची कामं मिळतात. आरोग्य, पोषण, पाणी, शिक्षण यांवर जव्हार-मोखाड्यात अनेक संस्था काम करतात, त्यांना समजणाऱ्या भाषेतल्या चित्रकथा हव्या असतात. दिवाळी अंक आहेत, बालभारतीचं ‘किशोर’ मासिक आहे, ज्योत्स्ना प्रकाशनासारखे मुलांसाठी चित्रमय पुस्तकं काढणारे प्रकाशक आहेत. अशा कामांची नमुनापानं पाठवताना दहा चांगली पाठवा, चाळीस बरी-वाईट नकोत.

काम सुरू करण्यापूर्वी चार गोष्टी लेखी ठरवा: पानं किती, दुरुस्त्या किती वेळा, पैसे कोणत्या टप्प्यावर, आणि हक्क कुणाचे. तीस-चाळीस टक्के आगाऊ मागण्यात संकोच नको. दुरुस्त्यांची संख्या ठरवली नाही, तर साहेबांच्या साहेबांना दाखवेपर्यंत पान दहादा बदलतं. पैसे देताना संस्था अनेकदा 10 टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ प्राप्तिकर, कापते. उत्पन्न करपात्र मर्यादेखाली असेल तर विवरणपत्र भरून तो परत मिळतो. न भरणाऱ्यांचे पैसे तसेच राहतात.

आता सही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे स्वतःहून चित्र काढलं त्या क्षणी हक्क आपला होतो, नोंदणीची सक्ती नाही. पुरावा म्हणून नोंदणी करायची तर चित्राला किंवा लेखनाला 500 रुपये शुल्क आहे. हा हक्क कलाकाराच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं टिकतो. नोकरीत, पगारावर केलेलं काम मात्र सहसा मालकाचं होतं.

हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सही असलेला करार लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घेतलेला हक्क समोरच्याने वर्षभरात वापरला नाही, तर करारात वेगळं म्हटलं नसल्यास तो संपतो. म्हणूनच तयार करारात ‘सर्व हक्क, कायमस्वरूपी, जगभर’ असे शब्द असतात. ते खोडून ‘मराठी छापील पुस्तक, अमुक वर्षं’ एवढंच लिहा. कपडे, खेळणी, चित्रपट, दुसऱ्या भाषा यांची नावं घेऊन ते आपल्याकडे राखा. समोरचा हटून बसला, तर पैसे त्या मानाने मागा किंवा आपलं लाडकं पात्र त्या कामात आणू नका.

मूळ चित्र विकलं म्हणजे ते छापण्याचा हक्क विकला असं होत नाही, हे गिऱ्हाइकाला पावतीवरच लिहून द्या. आणि हक्क दिला तरी चित्रावर आपलं नाव असण्याचा अधिकार राहतोच. भित्तिपत्रकाच्या कोपऱ्यातली सही ‘जागा नाही’ म्हणून उडवली जाते, तेव्हा याची आठवण करून द्यावी.

विक्रीसाठी शहरातले मेळे आहेत. कॉमिक कॉन 2011 मध्ये दिल्लीत सुरू झाला, नंतर मुंबईतही आला. अभिजीत किणी यांची ‘अँग्री मावशी’ ही नऊवारी बाण्याची नायिका तिथूनच वाचकांपर्यंत गेली. पण मोठ्या मेळ्यात टेबलाचं भाडं जड जातं, दोघातिघांनी मिळून घ्या. भरत मूर्ती यांनी सुरू केलेला इंडी कॉमिक्स फेस्ट लहान, स्वतः छापणाऱ्यांसाठीच आहे, नवख्याने आधी तिथे जावं. टेबलावर पुस्तकासोबत पोस्टकार्डं आणि छोटी मूळ चित्रं ठेवा. पुस्तक घ्यायला कचरणारा माणूस तीस रुपयांचं कार्ड घेतो आणि त्याच्या मागे आपला पत्ता असतो.

घराजवळचा बाजार विसरू नका. शाळा, वाचनालयं, जव्हारचा दसरा, हिवाळ्यात येणारे पर्यटक, हनुमान पॉइंटपाशीच्या दुकानात ठेवलेल्या पाच प्रती. दुकानात ठेवलेल्या प्रतींची नोंद वहीत दुकानदाराच्या सहीने करा, नाहीतर वर्षाने पाच होत्या की तीन, यावरच बोलणं होतं. टपालाने पाठवायला मे 2025 पासून ज्ञान पोस्ट ही पुस्तकांसाठीची स्वस्त सेवा आहे, पाच किलोपर्यंत.

वर्षाची आखणी इथल्या हवामानाप्रमाणे करा. जून ते सप्टेंबर बाहेर फिरणं अवघड, वीज जाते-येते, कागद ओल धरतो. हे दिवस चित्र काढण्याचे. दिवाळी अंकांची कामं जुलै-ऑगस्टमध्येच द्यावी लागतात. पावसाळ्यात छापून आणलेले गठ्ठे जमिनीवर, भिंतीला टेकवून ठेवले तर खालच्या वीस-पंचवीस प्रती फुगतात. फळीवर, प्लास्टिकमध्ये बांधून ठेवा. फाईल छापखान्यात ऑक्टोबरच्या सुरुवातीला दिली, तर हिवाळ्यातल्या मेळ्यांना पुस्तक हातात असतं, आणि उरलेल्या प्रती फाल्गुन-चैत्रात, गावोगाव बोहाडे सुरू होतात तेव्हा विकता येतात.